अवतरणचिन्हांतली ओळ

प्रिय पोरी,

नाव लिहीत नाही. जुनं तू टाकलंस आणि नवं कागदावर उतरवायला माझा हात धजत नाही. हे पाकीट तुझ्या हातात देणारी बाई तुला अनोळखी असेल, पण घाबरू नकोस, ती तुमच्या गावातल्या ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे. दर मंगळवारी आमच्याकडून तुमच्याकडे पुस्तकांची गाडी जाते, एका ग्रंथालयाची पुस्तकं दुसऱ्याला उसनी देतात ना, ती. त्या गाडीत एका जाडजूड कोशाच्या पोटात हे पाकीट ठेवून पाठवतेय. वीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या सह्या ओळखतो, तोंड अजून पाहिलेलं नाही. तिला फोनवर एवढंच सांगितलं, की बेकरीशेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रफू करणारी एक बाई राहते, तिच्या हातातच द्या, दाराखालून सरकवू नका. तिने का म्हणून विचारलं नाही. तर आधी भिंगरीला आतल्या खोलीत चित्र काढायला बसव, दाराला कडी घाल आणि मग वाच.

हो, तुझा पत्ता मला माहीत आहे. माझ्या लेकाला अजून नाही. तो तुला शोधतोय, आणि नीट शोधायचं कसं ते मी त्याला शिकवलंय. मी स्वतः, शेजारी खुर्ची ओढून. हे पहिल्याच पानावर सांगून टाकते, नाहीतर पुढे माझं धाडस होणार नाही, मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि तुला वाटेल की म्हातारीला आठवण आली म्हणून पत्र पाठवलंय.

आठवण तर आलीच होती. तू गेलीस त्याला चौदा महिने झाले. पहिले सहा महिने मी कुणाला काही विचारलं नाही. मग एका दुपारी ग्रंथालयात काम कमी होतं, आणि माझ्यासमोर संगणक होता. तुला माझी खोड माहीतच आहे. कुणी एखादं पुस्तक सापडत नाही म्हटलं की मला घास गोड लागत नाही. एकतीस वर्षं संदर्भ विभागात बसून मी लोकांना हव्या त्या गोष्टी शोधून दिल्या. कुणाला जुन्या जाहिराती, कुणाला आजोबांच्या बोटीचं नाव. दर गुरुवारी तीन वाजता संगणकावर शोधायचं कसं याचा वर्ग घेते, तू एकदा आली होतीस बघ भिंगरीला कडेवर घेऊन, आणि शेवटच्या बाकावर बसून मला हसवत होतीस. तर म्हटलं, नात कशी आहे एवढं एकदा बघू. दिसली तर दिसली.

तुझं नाव टाकलं नाही. नावाने माणूस सापडत नाही, नावाचे ढिगाने असतात. वर्गात मी सांगते ना, त्या माणसाने लिहिलेलं असं काहीतरी शोधा जे दुसरं कुणी लिहिणार नाही, आणि ते जसंच्या तसं अवतरणचिन्हांत घाला. अवतरणचिन्हं घातली की तो यंत्रातला गडी निमूटपणे तेच शब्द, त्याच क्रमाने शोधतो, स्वतःची अक्कल चालवत नाही. मला लगेच तुझी चिठ्ठी आठवली. कपडा परत देताना त्याला टाचायचीस ती. ‘सावकाश धुवा, रागाने नको.’ मी तुला म्हटलं होतं, अगं, गिऱ्हाइकाला असं कुणी उपदेश करतं का? तर तू म्हणालीस, आई, रागाने पिळतात म्हणून तर माझ्याकडे येतात. ती ओळ अवतरणचिन्हांत टाकली आणि एकच उत्तर आलं. एकच, पोरी. साऱ्या जगात एकच पान.

तुमच्या बाजारपेठेचं ते पान आहे, लोक तिथे न्हावी, कुलूपवाला, शिवणकाम करणारी अशांबद्दल लिहितात. कुण्या गायनशिक्षिकेने तुझ्याबद्दल लिहिलं होतं, की ताईंनी कोपरावरचं भोक असं बुजवलं की शोधून सापडेना, मशीनचं काम नव्हे, हाताचं आहे, आणि स्वेटरला ही गोड चिठ्ठी टाचलेली होती, रफूसाठी बेकरीशेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जा, ताईंची लहान मुलगी दार उघडेल. खाली चिठ्ठीचा फोटो. चिठ्ठीच्या मागे टेबलाची कड, आणि त्या कडेवर एक छोटा हात, अंगठ्याला निळा रंग लागलेला. भिंगरीचा अंगठा मी कुठेही ओळखेन, आजोबांसारखा बाहेर वळलेला. मी डोळ्यांना पदर लावला तर शेजारी पुस्तकांची बांधणी करणारी बाइंडिंगवाली विचारायला लागली, धूळ गेली का. मी म्हटलं, हो, फार धूळ आहे या विभागात.

त्यानंतर दर गुरुवारी वर्ग संपला की मी ते पान उघडायची. दुसरं काही नाही, नुसतं बघायची. कुणाला बोलले नाही, कागदावर उतरवलं नाही, घरच्या संगणकावर तर कधीच नाही. मनात म्हणायची, माझ्यासारखं शोधणारं या घरात दुसरं कुणी नाही, तोवर ती सुखरूप आहे. किती शहाणी समजत होते मी स्वतःला.

आता त्याचं सांगते. तू गेल्यावर तो पहिले काही महिने नुसता धुमसत होता. कपाटं उघडायचा, आपटायचा. तुझ्या मैत्रिणींच्या दारात जाऊन उभा राहायचा. मग हळूहळू शांत झाला, आणि मला मूर्खाला वाटलं, निवळला. वेळेवर लिफ्टदुरुस्तीच्या कामाला जायचा, येताना माझी औषधं आणायचा. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी त्याने स्वतः चहा केला, माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाला, तुझ्या त्या वर्गात काय शिकवतेस ते मला पण शिकव ना. जुन्या लिफ्टचा एक भाग हवाय, कंपनी बंद पडलीय, प्रत्येक जण त्याला वेगळं नाव देतो, काही केल्या मिळत नाही. पोटच्या पोराला एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल काही विचारावंसं वाटलं. मी हुरळून गेले. आईचं मन म्हण, नाहीतर मास्तरणीचं म्हण, दोन्ही सारखीच वेडी.

पहिल्या रविवारी मी त्याला ‘ऑर’ शिकवलं. एकाच वस्तूला चार नावं असतील तर चारही लिहायची, मध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांत ऑर घालायचं, म्हणजे यातलं कुठलंही चालेल असं यंत्राला कळतं. आणि तो सगळा घोळका कंसात टाकायचा. दुसऱ्या रविवारी वजाबाकी. जे नको असेल त्याच्या आधी वजाचं चिन्ह, चिकटवून, मध्ये जागा सोडायची नाही. हे त्याला फार आवडलं. म्हणाला, अगं, आम्ही बिघाड असाच शोधतो, एकेक गोष्ट बाद करत जायची, शेवटी उरेल तिथेच दोष. दोन तास बसला होता. मान खाली, ओठ दाताखाली, शाळेत गणितं सोडवायचा तसा. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हे तुला लिहिताना माझी मलाच किळस येतेय, पण खोटं कशाला लिहू, फिरवला.

अवतरणचिन्हं मी तिसऱ्या रविवारसाठी ठेवली होती. वर्गात मी ती पहिल्या दहा मिनिटांत शिकवते, तिथे वाटते त्या छापील कागदावर पहिल्याच ओळीत आहेत. त्याला लिफ्टचा भाग हवा होता, म्हणून त्याच्यासाठी क्रम बदलला. मग मध्ये मला सर्दी-ताप झाला, एक रविवार गेला, पुढच्या रविवारी तो कामावर. ते राहून गेलं. त्या राहून जाण्यावर आज तुझा आणि भिंगरीचा जीव टांगलेला आहे.

मागच्या मंगळवारी दुपारी मी लवकर घरी आले. रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता, बस कुठून वळवलीय ते बघायला त्याचा संगणक उघडला आणि ‘र’ टाइप केलं. पूर्वी शोधलेलं आपोआप खाली उघडतं ना, तसं उघडलं. ‘रस्ता’ नव्हे. ‘रफू’. आधी कंस, कंसात रफू ऑर शिलाई ऑर उसवण ऑर दुरुस्ती. मग ‘ताई’. मग ‘लहान मुलगी’. आणि त्यापुढे वजा, वजा, वजा. आपलं गाव वजा. तुझ्या माहेरचं गाव वजा. तुझ्या मैत्रिणीचं गाव वजा. तुझ्याच नावाची ती धावपटू आहे ना, ती वजा, त्याच नावाची कुणी मुख्याध्यापिका, तीही वजा. जिथे जिथे तू नाहीस ते सगळं त्याने एकेक करून काढून टाकलं होतं. नीटनेटकं, एक चूक नाही. मी शिकवलं तसंच. मी तिथेच जमिनीवर बसले. मग सगळी यादी चाळली, लिफ्टचा भाग कुठेही नव्हता, दोन महिन्यांत एकदाही शोधलेला नव्हता.

त्या दिवसापासून मला या घरात भीती वाटते. माझ्याच घरात, पोरी, जिथे मी त्याला चालायला शिकवलं. किल्ली कुलपात फिरली की हातातलं भांडं खाली ठेवावं लागतं. तो काही बोलत नाही, आवाज चढवत नाही, ते तर जास्तच वाईट. जेवताना माझ्याकडे बघून हसला की मला वाटतं, याला कळलं. तू पाच वर्षं हे कसं काढलंस? मी त्याच छपराखाली राहून तुला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तुला सवय झाली असेल. आता सहा दिवसांत कळलं, याची सवय होत नसते.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मी त्याची ती ओळ अक्षर न् अक्षर माझ्या संगणकावर घातली. तुझं पान आलं नाही. एकदा, दोनदा, पाचदा पाहिलं, नाहीच. मग नीट वाचलं तर शेवटी एक ‘वजा मशीन’ होतं. शिलाई मशीनच्या जाहिराती फार येत असणार, म्हणून वैतागून त्याने ते घातलं असेल. आणि गायनशिक्षिकेने लिहिलंय, ‘मशीनचं काम नव्हे’. तिने मशीन नाही म्हणून लिहिलं काय आणि आहे म्हणून लिहिलं काय, यंत्राला त्याचं काही नाही, शब्द दिसला की अख्खं पान गळतं. वर्गात मी नेहमी ओरडते, वजा करताना दहादा विचार करा, हवं तेच निघून जाईल. त्याला हे सांगायचं राहिलं होतं. मी ‘मशीन’ पुसलं आणि पुन्हा शोधलं. तुझं पान तिसऱ्या पानावर, वरून दुसरं. गायनशिक्षिकेचं कल्याण होवो, तिच्या त्या एका शब्दामागे तू दोन महिने उभी होतीस आणि तुला पत्ताही नव्हता.

हे मागच्या बुधवारचं. तेव्हाच लिहायला हवं होतं. पण मी मूग गिळून बसले, नेहमीसारखी. म्हटलं, सापडत नाहीये ना, कंटाळेल, सोडून देईल. आणि काल रविवार आला.

काल चार वाजता गारवा होता म्हणून त्याने कपाटातून तो करडा स्वेटर काढला, ज्याच्या कोपराला तू रफू केलं होतंस. तुला आठवतंय का, धागा जुळेना म्हणून तू त्याच स्वेटरच्या आतल्या शिवणीतून धागा काढला होतास. दोन वर्षं कुणी घातला नव्हता. त्याने डोक्यातून घातला, मानेला काहीतरी टोचलं, आत हात घालून काढलं तर टाचणी आणि तुझी चिठ्ठी. वाचली. पुन्हा वाचली. मग हसला, अगदी मनापासून. मी भाजी निवडत होते, माझी बोटं थांबली. तो चिठ्ठी घेऊन संगणकासमोर बसला आणि ओळ तशीच टाइप केली, नुसती, चिन्हं न घालता. ‘धुवा’ म्हटल्यावर साबणांच्या जाहिराती, कपडे धुण्याच्या युक्त्या, राग आवरायचे उपाय, काय वाट्टेल ते आलं. त्याने पाच-सहा पानं उलटली. मग खुर्ची वळवली.

“आई, ओळ जशीच्या तशी शोधायची असेल तर काय करतात?”

मला उत्तर यायला क्षणभरही लागत नाही, तुला माहीत आहे. मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. माझ्या जिभेवर आलं होतं. मी उठून पाणी प्याले, आणि त्या पाण्याच्या घोटाएवढ्या वेळात मी ठरवलं.

“प्रत्येक दोन शब्दांच्या मध्ये ऑर घालायचं,” मी म्हटलं.

“नक्की?”

“एकतीस वर्षं हेच शिकवतेय.”

एकतीस वर्षांत मी कुणाला चुकीचा संदर्भ दिलेला नाही. एकदा एका म्हाताऱ्याला चुकीचा पान क्रमांक सांगितला, तर रस्त्यावर धावत जाऊन त्याला गाठलं होतं. काल मी माझ्या मुलाच्या डोळ्यांत बघून धडधडीत उलटं सांगितलं. मध्ये ऑर घातलं की यातला कुठलाही एक शब्द चालतो, म्हणजे जगातलं प्रत्येक पान ज्यात ‘नको’ आहे ते येणार. लाखोंनी आली. तो दोन तास एकेक पान उलटत बसला. माझ्यावर त्याचा एवढा विश्वास आहे, बघ. मी स्वयंपाकघरात उभी राहून कितव्या पानावर आहे ते मोजत होते. शेवटी त्याने संगणक बंद केला. म्हणाला, घरी तू नीट शिकवत नाहीस, गुरुवारी मी रजा टाकतो, तुझ्या वर्गालाच येऊन बसतो. पाठीवर थापही मारली. मग मला ऐकू यावं अशा बेताने त्याने साहेबाला फोन करून गुरुवारपासून आठ दिवसांची रजा मागितली. वर्ग दीड तासाचा असतो, पोरी. बाकीचे दिवस त्याला कशाला हवेत ते मी तुला सांगायला नको.

आज सोमवार आहे. मी तळघरात जुन्या नकाशांच्या खोलीत बसून लिहितेय. वर्गाचे छापील कागद मी सकाळीच नकाशांखाली दडवलेत, गुरुवारचा वर्ग रद्द झाल्याची पाटी लावायला सांगितली आहे. पण याने होणार काय? तो कागद शंभर लोकांच्या घरी आहे. माझ्या जागी बसणारी कुणीही त्याला एका वाक्यात सांगेल, लिफ्टच्या कामावरचं एखादं पोरही सांगेल. आणि ज्या क्षणी त्याला कळेल, त्या क्षणी त्याला हेही कळेल की मी खोटं बोलले. म्हणून तुझ्याकडे बुधवारपर्यंतचा वेळ आहे असंच धरून चाल. जास्त नाही.

तेव्हा आता ऐक, हा वर्ग फक्त तुझ्यासाठी. पहिलं, त्या गायनशिक्षिकेला आजच भेट, हात जोड आणि ते लिहिलेलं काढून टाकायला सांग, फोटोसकट. नुसता शब्द बदलून चालणार नाही. काढल्यावरही जुनी नक्कल काही दिवस शोधात दिसत राहते, त्यासाठी शोधयंत्राच्या मदतीच्या पानावर जुनं पान काढण्याची विनंती करता येते, ती कर. जमलं नाही तर या ग्रंथपाल बाईला सांग, ती करून देईल. दुसरं, ती चिठ्ठी बंद. मला कळतं की ती तुझी सही आहे, तिच्यामुळे गिऱ्हाइकं तुझी होतात, पण आता नाही. तिसरं, घर सोड. कुठे जायचं ते मला कळवू नकोस, मला सांगूच नकोस. चौथं, जिथे जाशील तिथे दर आठवड्याला स्वतःला शोध. त्याच्यासारखा विचार करून शोध. भिंगरीचं लाडकं नाव अवतरणचिन्हांत घाल. तिच्या शाळेचं नाव आणि ‘चित्रकला’, दोन्ही अवतरणचिन्हांत, मध्ये अँड, म्हणजे दोन्ही असलेलीच पानं येतील. तुझ्या कामाला लोक ज्या ज्या नावाने हाक मारतात ती सगळी कंसात, मध्ये ऑर. आणि वजा काही करू नकोस. तो वजा करत राहील, तू करू नकोस, तुला सगळं दिसायला हवं. जे सापडेल ते काढायला लाव. हे सगळं वाचून तुझी पण पाचावर धारण बसली असेल. बसू दे. घाबरून हातपाय हलवलेस तर बरं, माझ्यासारखी घाबरून गप्प बसू नकोस.

एवढंच सांगायचं असतं तर चार ओळींत झालं असतं. हे लांबण लावलं ते दुसऱ्या पाकिटासाठी. ते या पाकिटाच्या आत आहे, त्यावर एका वकीलबाईंचा शिक्का आहे. आज सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन मी जबाब लिहून दिला, प्रत्येक पानावर सही केली, बाइंडिंगवालीने साक्षीदार म्हणून सही केली. उद्या सकाळी तो कामाला गेला की वकीलबाई आणि मी पोलीस ठाण्यात जाऊन तोच जबाब पुन्हा देणार. तिथून मी घरी जाणार नाही, बाइंडिंगवालीकडे राहीन. तुझी प्रत तुला पाठवतेय, कारण ती तुझ्या हक्काची आहे आणि यायला उशीर झाला आहे. तुझं मनगट मोडलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा मी म्हटलं, जिन्यात पाय घसरला. ठाण्यात साहेबांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मी स्वयंपाकघरात होते, मला काही दिसलं नाही. तू माझ्याकडे वळून एवढंच बोललीस, “आई, तुम्ही दारातच तर उभ्या होतात.” मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले. तुझी तक्रार तिथेच संपली, आणि तिसऱ्या दिवशी तू गेलीस. तू त्याला घाबरून गेलीस असं मी चौदा महिने स्वतःला सांगत आले, पण त्याच्यासोबत तर तू पाच वर्षं राहिली होतीस. तू गेलीस ती माझं उत्तर ऐकून. आता जबाबात जे लिहिलंय तेच तुलाही लिहिते. मी दारातच उभी होते. त्याने तुझा हात चौकटीत धरला आणि दार लोटलं, एकदा नाही, दोनदा. भिंगरी माझ्या पदराला धरून उभी होती. मी तुझ्याकडे धावले नाही. मी तिचे डोळे झाकले, आणि माझे उघडे ठेवले.

तुझीच,
आई